शिवारातलं तण: सोलापूरच्या रानासाठी पायरीपायरीनं बंदोबस्त

आपल्याकडं तणाचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात, एक म्हणजे खुरपायला बायका मिळंनात आणि दुसरी म्हणजे कुठलं औषध मारू. दोन्हीत हे तण आलं कुठनं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तुमच्या चार एकरात उगवणारं सगळं तण काय तुमच्याच रानात जन्मलेलं नसतं, काही चारीच्या पाण्यातनं येतं, काही शेणखतातनं, काही शेजारच्या पडीक रानातनं वाऱ्यावर, काही मळणी यंत्राला चिकटून, आणि राहिलेलं मागच्या साली आपणच झडू दिलेलं असतं. म्हणून खाली जे काय सांगतोय त्याचा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे, नवीन बी आत येऊ द्यायचं नाही आणि आतलं झडू द्यायचं नाही. रान बारा महिने चकाचक ठेवायचा नाद मात्र सोडा, त्यात मजुरीही जाते आणि मातीही जाते.

पहिली पायरी: फिरा आणि लिहून काढा

ऑगस्टच्या शेवटी एकदा आणि जानेवारीत एकदा, असं वर्षातनं दोनदा शिवार फिरायचं. फक्त आपलं रान नाही, बांध, ओढा, चारी, रस्त्याची कड, उकिरडा, शेजारचं पडीक, सगळं. पीव्हीसी पाइपचा नाहीतर काठ्यांचा १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन करा, रानात आडवंतिडवं चालत आठ-दहा ठिकाणी तो टाका आणि आत कुठलं तण किती हे वहीत लिहा. नाव माहीत नसलं तर मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, ॲपपेक्षा बरोबर नाव सांगतील.

मे महिन्यात अजून एक सोपं काम करता येतं. रानातल्या दहा ठिकाणची वरची १० सेंटिमीटर माती घ्या, मिसळा, एका पसरट ट्रेमध्ये भरून सावलीच्या कडेला ठेवा आणि रोज पाणी मारा. तीन-चार आठवड्यात जे उगवंल ते पुढच्या मोसमात काय येणार याची बऱ्यापैकी कल्पना देतं. सगळं बी एकदम उगवत नाही, काही झोपून राहतं, पण माठ जास्त आहे का केना जास्त आहे एवढं तर कळतं.

दुसरी पायरी: तणाचे दोन गट पाडा, कारण दोघांचं औषध उलटं आहे

हे नीट समजून घ्या, इथंच बहुतेक लोकांचं गणित चुकतं.

एक गट वर्षभरात बी टाकून मरणारा: माठ, तांदुळजा, केना, कुर्डू, घोळ, आघाडा, गोखरू, गाजर गवत. यांचा सगळा जीव बियात. दुसरा गट जमिनीखालनं वाढणारा: हराळी, लव्हाळा, कुंदा. यांना बियाची फारशी गरजच नाही, खालच्या गाठी आणि मुळ्याच सगळं काम करतात.

पहिल्या गटाचं बी झडून गेलेलं असंल तर पीक काढल्या काढल्या लगेच नांगर घालू नका. बी वर पडून राहिलं की मुंग्या, भुंगेरे, होले, चंडोळ, तित्तर हे ते वेचून खातात, आणि सोलापूरच्या उन्हात उघड्यावर पडलेल्या बियातलं काही आपोआप निकामी होतं. नांगरून खाली गाडलं तर ते तिथं सुरक्षित राहतं आणि दोन-चार वर्षांनी परत नांगरताना वर येतं. दुसऱ्या गटाला मात्र नांगरटच पाहिजे, तीही एप्रिल-मेच्या भर उन्हात, रान वाळलेलं असताना. ढेकळं उलटी पडली पाहिजेत म्हणजे हराळीच्या मुळ्या नि लव्हाळ्याच्या गाठी वर येऊन वाळतील. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटिमीटरमध्येच असतात, त्यामुळं लै खोल जायची गरज नाही, पण कुंद्याच्या मुळ्या काळ्या रानात खूप खोल असतात, तिथं कुदळीनं खणून काढण्याशिवाय खरंच दुसरा मार्ग नाही. पाऊस पडायच्या आत कुळवून हराळीच्या काशा वेचून रानाबाहेर काढा आणि पूर्ण वाळल्यावरच उकिरड्यावर टाका.

आणि एक, हराळी किंवा लव्हाळ्याच्या ओल्या रानात रोटर घालू नका. रोटर मुळ्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवीन झाड होतो, वरनं त्याच्या पात्यांना अडकून गाठी पुढच्या रानात जातात. भाड्याचा ट्रॅक्टर आला तर बांधावर थांबवून पाती साफ करून घ्या, ड्रायव्हर कुरकुर करंल, करू द्या.

रानात दोन्ही गट असतील तर? जिथं हराळीचे पट्टे आहेत तेवढेच नांगरा. सगळं रान नांगरायचं म्हणून नांगरायचं असं काही नाही, डिझेलही वाचतं.

तिसरी पायरी: दारं बंद करा

शेणखत हे सगळ्यात मोठं दार. जनावर तण खातं, बरंचसं बी पोटातनं जिवंत बाहेर पडतं, उकिरड्यावर नुसतं पडून राहतं आणि मग आपण ते ट्रॉलीनं सगळ्या रानात पसरतो. उपाय म्हणजे खत तापवणं. साधारण पाच फूट रुंद, चार फूट उंच ढीग लावा, शेण, पाला, वाळकं कुटार थरावर थर, ओल एवढी की मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. ढीग आतनं ५५ ते ६५ अंशांपर्यंत गेला आणि काही दिवस तसाच राहिला तर बहुतेक तणाचं बी मरतं. थर्मामीटर नसंल तर लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढा, हातात धरवत नसंल तर ढीग तापलाय. कडेचं बी मात्र तसंच राहतं, म्हणून पंधरा दिवसांनी बाहेरचं आत, आतलं बाहेर असा ढीग पलटायचाच. हे कष्टाचं काम आहे, पण पुढच्या दोन खुरपण्या यातच वाचतात.

उजनीच्या कॅनॉलवर किंवा ओढ्याच्या पाण्यावर भिजवणाऱ्यांनी चारीतनं रानात पाणी घुसतं तिथं शेडनेटचा तुकडा बांधावा आणि प्रत्येक पाळीला झटकून घ्यावा. सगळं बी अडत नाही, तरंगणारं बरंच अडतं. चारीच्या दोन्ही कडांचं गाजर गवत फुलायच्या आधी उपटलं नाही तर जाळीचा काही उपयोग नाही.

मेंढ्या बसवायच्या असतील तर धनगराला एवढंच विचारा की कळप कुठं चरून आला. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेला कळप बाभळीचं बीही घेऊन येतो. म्हणून मेंढ्या बसवू नका असं मी म्हणणार नाही, लेंडीखताला तोड नाही आणि वेड्या बाभळीची कोवळी रोपं पहिल्या कुळवातच निघतात, फक्त ती पाळी चुकवू नका.

डाळिंबाची किंवा कोणतीही रोपं आणताना पिशवीतली माती बघा. पिशवीत लव्हाळ्याचं एक पातं जरी दिसलं तरी ते रोप परत द्या. लसूणघासाचं बी घेताना त्यात अमरवेलीचं बी नाही ना हे तपासा. प्लॉटमध्ये अमरवेल लागलीच तर पिवळे दोरे ओढत बसू नका, एखादा तुकडा राहिला तरी परत धरतो, ज्या घासाला लागलीय तो घास वेलीसकट कापून फुलं यायच्या आत जाळा. पुढची दोन-तीन वर्षं तिथं ज्वारी, मका असली गवतवर्गीय पिकं घ्या, त्यांच्यावर ती जगत नाही.

चौथी पायरी: रब्बी ज्वारीच्या रानाचं वेळापत्रक

मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, बार्शी इकडं खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीत मालदांडी ज्वारी पेरायची जुनी पद्धत आहे. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर १९३३ पासून संशोधन चालू आहे, आणि या पद्धतीचा गाभा ओल धरणं हा असला तरी तणासाठीही ती फार कामाची आहे, कारण पेरणीच्या आधीच तण उगवून घेऊन मारता येतं.

मृगाच्या पावसानं पहिलं तण उगवलं की वापसा आल्यावर, म्हणजे चिखल न होता औत चालंल एवढीच ओल राहिल्यावर, कुळवाची पाळी द्या. परत पाऊस, परत तण, परत पाळी, अशा सप्टेंबरपर्यंत तीन-चार पाळ्या. प्रत्येक पाळी आधीच्यापेक्षा वरवर द्यायची, हे महत्त्वाचं. पेरणीआधीची शेवटची पाळी तर नुसती खरवडल्यासारखी, कारण खोल गेलात की खालचं नवीन बी वर येतं आणि सगळी मेहनत वाया.

आता यातली अडचण पण सांगतो. उताराच्या रानात खरिपात माती उघडी ठेवली तर एखाद्या मोठ्या पावसात ती वाहून जाते. अशा ठिकाणी आणि ज्या साली जूनमध्ये पाऊस चांगला लागला त्या साली मूग, उडीद, मटकी नाहीतर हुलगा पेरा. मटकी, हुलगा जमिनीवर पसरतात, तणाला ऊन मिळू देत नाहीत, शेंगा मिळतात आणि ज्वारीला नत्रही मागं राहतं. फार हलकं रान असंल तर बाजरी अधिक तूर २:१ ओळीनं घ्या, बाजरी लवकर जमीन झाकते आणि ती निघाल्यावर तूर जागा घेते.

ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ४५ बाय १५ सेंटिमीटरवर, एकरी ४ किलो बी. पेर फुटली, म्हणजे ओळीत मधे जागा सुटली, की तण तिथं घुसतं, म्हणून पाभर (पेरणीचं औत) नीट चालली पाहिजे. मग कोळपण्या:

- तीन आठवड्यांनी पहिली, फटीच्या कोळप्यानं, ओळीतलं बारीक तण निघतं.
- पाच आठवड्यांनी दुसरी, पासेच्या कोळप्यानं.
- आठ आठवड्यांनी तिसरी, दातेरी कोळप्यानं, ही मुख्यतः भेगा बुजवायला.

पहिल्या महिना-दीड महिन्यात ज्वारी स्वच्छ राहिली की पुढं ती स्वतः तणाला दाबते. त्यानंतर उगवलेलं तण उत्पन्नाला फारसं खात नाही, पण बी टाकतं, म्हणून डिसेंबरात एकदा फिरून उंच वाढलेली झाडं नुसती उपटून बाहेर काढायची. खुरपणी नाही, फक्त फेरफटका. माझ्या मते अख्ख्या वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

टारफुल्याचं वेगळं सांगायला पाहिजे. जमिनीत ओल असून ज्वारी दुपारी माना टाकते, पानं पिवळी पडतात आणि थोड्या दिवसांनी बुडाशी पांढऱ्या फुलांची नाजूक रोपं दिसतात, तो टारफुला. तो ज्वारीच्या मुळावरच जगतो, आणि वर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. त्याचं बी धुळीएवढं बारीक, एका झाडाला हजारोंनी येतं आणि मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्यामुळं दिसला की बी धरायच्या आत उपटायचा आणि जाळायचा, बांधावर फेकायचा नाही. टारफुल्याचं बी शेजारी मुळाचा वास लागल्याशिवाय उगवत नाही, आणि भुईमूग, चवळी, कापूस यांच्या मुळांमुळं ते उगवतं पण त्यांच्यावर त्याला जगता येत नाही, फुकट मरतं. म्हणजे टारफुल्याच्या रानात दोन-तीन वर्षं ज्वारीऐवजी ही पिकं फिरवली की मातीतला साठा आपोआप कमी होतो. शेणखत आणि नत्राची कमतरता भरून काढली तरी त्याचा जोर कमी होतो, हलक्या उपाशी रानातच तो जास्त माजतो.

पाचवी पायरी: ऊस, कांदा, डाळिंब

उसाचं थोडक्यात सांगतो. माळशिरस, माढा, पंढरपूर भागात पहिले तीन-चार महिने ऊस उघडा असतो, तेवढ्यात तण जिंकतं. लावणीच्या मधल्या पट्ट्यात सुरुवातीला ताग किंवा धैंचा टाका, पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी फुलावर यायच्या आत तिथंच गाडा. आडसालीत (जुलै-ऑगस्टची लावण) भुईमूग, पूर्वहंगामीत (ऑक्टोबर-नोव्हेंबरची लावण) हरभरा नाहीतर कांदा घेता येतो. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाचट (उसाची वाळकी पानं) जाळू नका, एकरी तीन-चार टन पाचट सरीत दाबलं तर बहुतेक तण उगवतच नाही आणि पाणीही कमी लागतं. लव्हाळा पाचटातनंसुद्धा वर येतो, तो तेवढा हातानं काढावा लागतो, पण उसाची पानं एकदा एकमेकांत मिटली की सावलीत लव्हाळ्याला काहीच जमत नाही. लव्हाळ्याचं साधं सूत्र म्हणजे उगवल्यापासून साधारण तीन आठवड्यात नवी गाठ धरायला लागतो, त्याच्या आत तोडलं तर खालची गाठ थकत जाते, उशीर केला तर एकाच्या चार होतात.

उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारणाऱ्यांनी शेजारी द्राक्ष, कापूस, तूर आहे का बघावं. वाऱ्यावर त्याचा थोडासा अंश गेला तरी द्राक्षाची पानं वाकडीतिकडी होतात, आणि मग बांधावरची भांडणं दहा वर्षं चालतात.

कांद्याचं पातं उभं असतं, जमीन झाकत नाही, त्यामुळं कांदा तणापुढं एकदम लेचापेचा. म्हणून रोपवाटिका तरी तणाविना करा. एप्रिल-मेमध्ये वाफे तयार करून पाणी द्या, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून चारी बाजूंनी मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळा कागद नको, पारदर्शकच, ऊन आत गेलं पाहिजे. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश असतंच, ते फुकटचं ऊन वापरून घ्यायचं. कागद काढल्यावर परत खोल उकरू नका. लव्हाळ्यावर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही.

डाळिंबाच्या बागेत, सांगोल्याकडं असो का अजून कुठं, खोडाजवळ कुदळ, खुरपं जपून. मुळं जखमी झाली की मर रोगाला वाट मिळते. ठिबकच्या ओल्या जागी उसाचं पाचट किंवा गवताचं आच्छादन, खोडापासून थोडं लांब ठेवून, आणि दोन ओळींमधलं गवत ब्रशकटरनं बोटभर उंचीवर छाटून ठेवा. उपटून टक्कल करायचं नाही. मधल्या पट्ट्यात झेंडू लावला तर तण दबतं आणि सूत्रकृमीही (मुळांवर जगणारे बारीक जंत) कमी होतात. खोडाजवळची घोळ, माठ मात्र ठेवू नका, सूत्रकृमी त्यांच्यावरही पोसतात.

सहावी पायरी: बांध, ओढा, पडीक, म्हणजे खरं शिवार

बांध जाळायची सवय जाईल तेवढी बरी. जाळल्यावर मारवेल, पवना असलं चांगलं गवतही कमी होतं आणि मोकळ्या जागेवर पहिल्यांदा गाजर गवत नि आघाडा येतो. त्यापेक्षा बांधावर मारवेल वाढू द्या, ठोंब लावता येतात, दोन-तीन वेळा कापून जनावरांना घाला. दाट गवताच्या बांधावर गाजर गवताला शिरायला जागाच उरत नाही. बांधाच्या कडेनं गिरीपुष्प लावलं तर त्याचा पाला आच्छादनाला येतो. जी फुलं येतात त्यांच्यावर मधमाशा येतात आणि डाळिंबाला, सूर्यफुलाला त्या लागतातच. घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू तर भाजीच आहे, बी धरायच्या आत खुडून घरी न्या.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास ज्यांची रानं आहेत त्यांनी माळावरच्या गवताला तण समजून फवारणी करू नये, ते गवत म्हणजे तिथल्या पाखरांचं घर आहे आणि आपल्या रानातलं तणाचं बी खाणारी पाखरं पण तिथंच राहतात.

गाजर गवत भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आज ते कुठल्या गावात नाही सांगा. एक झाड हजारो बिया देतं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असताना, हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, फुलायच्या आत मुळासकट उपटा, कारण अंगाला खाज आणि दम्याचा त्रास याच्यानं खरोखर होतो. न फुललेलं गवत वर सांगितलेल्या तापलेल्या ढिगात घालून खत करता येतं, फुललेलं नाही. मोकळ्या जागेवर पावसाळ्याच्या तोंडावर तरोट्याचं बी फेकलं तर तो दाट उगवून गाजर गवताला दाबतो. मेक्सिकन भुंगे, झायगोग्रामा, १९८३ मध्ये मेक्सिकोतनं बंगळूरला आणले आणि पुढं देशभर पसरले, पांढरट पिवळ्या पाठीवर काळ्या रेघा असतात. भुंगा आणि अळी दोन्ही पानं खातात. जुलै-ऑगस्टमध्ये जिथं दिसतील तिथनं डब्यात गोळा करून आपल्या गावच्या पडीकात सोडा. कोरड्या दिवसात ते मातीत झोपून राहतात, त्यामुळं तिथली माती उन्हाळ्यात उकरू नका आणि पावसाळ्यात तिथं फवारणी करू नका. रानातल्या पिकाला त्यांच्यावर सोडून चालत नाही, वेळ लागतो, म्हणून भुंगे पडीकाला आणि उपटणी रानाला.

वेडी बाभूळ बुडातनं तोडली की दहा फुटवे येतात. मुळाचा गड्डा जमिनीखाली वीतभर खोल खणून काढावा लागतो, आणि शेंगा पडायच्या आत.

सातवी पायरी: चार जणांना बरोबर घ्या

एकट्यानं केलेलं काम शेजारच्या पडीकामुळं फिसकटतं. म्हणून एका चारीवरचे किंवा एका ओढ्याच्या दोन्ही काठचे शेतकरी मिळून करा, वरच्या बाजूनं सुरुवात, कारण पाणी वरनं खाली येतं. वरच्या माणसानं केलं नाही तर खालच्यानं कितीही केलं तरी दर पावसाळ्यात तेच. १६ ते २२ ऑगस्ट हा देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो, त्या आठवड्यात शाळेची मुलं नको, मोठी माणसंच घ्या, ॲलर्जीचा विषय आहे. ज्याचं रान पडीक आहे आणि जो पुण्या-मुंबईला आहे त्याला फोन करून परवानगी मागा आणि तिथलं गवत कापून जनावरांना घाला, बहुतेक हो म्हणतात.

तणनाशक कधीच नको असं माझं म्हणणं नाही. पण एकच औषध दरवर्षी त्याच रानात मारलं की त्याला न मरणारं तण तेवढं उरतं आणि तेच वाढतं. वापरायचंच झालं तर ठरावीक पट्ट्यात, लेबलवरच्या मात्रेत, वारा नसताना, आणि वरच्या पायऱ्या करून झाल्यावर.

वहीत दरवर्षी त्याच ठिकाणी चौकोन टाकून मोजा. माठ, केना पहिल्या दोन वर्षांत कमी झालेले दिसतील. हराळी, लव्हाळ्याला तीन वर्षं धरा, टारफुल्याला त्याहून जास्त. पहिल्याच साली आकडा वाढला तर घाबरू नका, पाळ्यांनी झोपलेलं बी उगवून वर येतं, ते मारलं गेलं म्हणजे काम बरोबर चाललंय. तिसऱ्या सालीही आकडा तोच असंल तर परत शेणखताकडं आणि चारीकडं बघा, बहुतेक वेळा भोक तिथंच सापडतं.